गाडीखालीं जाण्यापूर्वीं

मनुष्याच्या अंगीं बळ थोडें आणि त्याचीं कामें मात्र अवजड, हें कोडें सोडविण्यासाठीं त्यानें पुरातन काळापासून अनेक युक्त्या योजिल्या आहेत. विहिरीवरचा रहाट, दगड उलथविण्याची पहार, ओझें चढविण्याची कप्पी, हीं सारीं त्या कोड्याचीं जुनीं उत्तरें होत. परंतु एखाद्या कृश अंगाच्या मुलानें लोखंडी दांडा खालींवर करावा आणि त्यासरशीं हजार-बाराशें किलो वजनाच्या मोटारीचें तोंड जमिनीपासून वीतभर वर यावें, हें दृश्य पाहून शिकलेला मनुष्यही क्षणभर थबकतो. हें काम करणारें जें चाकांचें यंत्र, त्यास बाजारांत ‘ट्रॉली जॅक’ म्हणतात. पूर्वीं तें गॅरेजवाल्यांपाशींच असे. आतां तें सामान्य गृहस्थाच्याही आवाक्यांत आलें आहे. म्हणूनच, ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात व दारांत एखादी गाडी उभी असते, त्या घरानें या यंत्राचा स्वभाव नीट ओळखून घेणें अगत्याचें झालें आहे.

आमच्या घरीं हा विषय निघाला तो धाकट्या बंधूंच्या चिरंजीवामुळें. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत होता. चाकें बदलणें, ब्रेक साफ करणें, ऑइल बदलणें हीं कामें आपण घरींच करूं, मात्र त्यासाठीं एक चांगला जॅक आणावा, असें त्यानें एका रविवारीं पंगतींत सुचविलें. त्याच्या आईनें वाढतां वाढतांच नकार दिला. तिच्या नकारास सबळ कारण होतें. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याच आळींत एका गृहस्थांच्या फाटकाशीं, गाडी दुरुस्त करण्यास आलेला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं हात घालून काम करीत होता. पावसानें भिजलेली जमीन खचली, जॅक कलंडला आणि त्याच्या उजव्या हाताचीं दोन बोटें गेलीं. गाडीचे मालक सज्जन. त्यांनीं औषधपाण्याचा सर्व खर्च केला. पण ज्याचें पोट हातावर, त्याचीं बोटें खर्चानें परत येत नाहींत.

“गॅरेजवाले कशाला आहेत मग?” असें तिनें विचारलें, आणि बहुतेकांनीं माना डोलावल्या. आमच्या मातोश्री मात्र हातांतला घांस तसाच ठेवून म्हणाल्या, “म्हणजे आपल्या गाडीखालीं जायचं तें दुसऱ्या कुणाच्या मुलानं, एवढंच ना?”

या एका प्रश्नानें वादाचें स्वरूपच पालटलें. आपला मुलगा गाडीखालीं जावा कीं न जावा, हा प्रश्न मागें पडला. कोणाचाही मुलगा गाडीखालीं जावयाचा असेल तर तो कोणत्या बंदोबस्तानें जावा, हा पुढें आला. मी आयुष्यभर महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकविलें असल्यामुळें उत्तर शोधण्याचें काम ओघानेंच माझ्याकडे आलें. तें उत्तर वाचकांपुढें ठेवतों.

या यंत्राचें मर्म बरेंच जुनें आहे. ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) या फ्रेंच तत्त्ववेत्त्यानें असें दाखविलें कीं, बंदिस्त द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब कमी न होतां सर्व बाजूंस सारखाच पोंचतो. त्याचा यासंबंधींचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ सालीं, प्रसिद्ध झाला. याच नियमाच्या आधारें जोसेफ ब्रामा यानें १७९५ सालीं इंग्लंडांत द्रवदाबाच्या यंत्राचें पेटंट घेतलें, आणि इकडून तिकडे नेतां येईल अशा द्रवदाबी जॅकचें पेटंट १८५१ सालीं न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजन यानें मिळविलें.

समजा, जॅकमधील लहान दट्ट्याचा व्यास १ सेंटिमीटर व मोठ्याचा ४ सेंटिमीटर आहे. व्यास चौपट, म्हणून क्षेत्रफळ सोळापट. दांड्याच्या तरफेमुळें हाताचा जोर दसपट होतो असें धरल्यास, २० किलोंचा रेटा लहान दट्ट्यावर २०० किलोंचा होतो आणि मोठ्या दट्ट्यावर ३,२०० किलोंचा. घर्षणांत कांहीं जातें, तें वेगळें. अर्थात् निसर्ग फुकट कांहींच देत नाहीं. लहान दट्ट्या १६ मिलिमीटर खालीं जावा, तेव्हां मोठा जेमतेम १ मिलिमीटर पुढें सरकतो. म्हणूनच दांडा पुनःपुनः हालवावा लागतो.

येथवर सर्व कौतुकाचेंच आहे. सावध व्हावयाचें तें याच्या पुढें. दांडा उचलला कीं टांकींतलें तेल एका झडपेंतून लहान दट्ट्याखालीं येतें. दांडा दाबला कीं ती झडप मिटते आणि दुसरी उघडून तेल मोठ्या दट्ट्याकडे जातें. या झडपा म्हणजे बहुधा पोलादाच्या लहानशा गोळ्या असतात. गाडी वर असतांना तिचा सारा भार दट्ट्याभोंवतालच्या रबरी कड्यावर आणि या इवल्या गोळीच्या बैठकीवर तोललेला असतो. गोळीखालीं कचऱ्याचा कण अडकला अथवा जुनें रबर झिजलें, कीं तेल मागें झिरपूं लागतें आणि गाडी खालीं येऊं लागते. दोर तुटण्यापूर्वीं करकरतो, लांकूड मोडण्यापूर्वीं कडाडतें. तेल मात्र कांहींच बोलत नाहीं.

यावरून पहिला व मुख्य नियम निघतो तो असा: जॅक उचलण्यासाठीं आहे, धरून ठेवण्यासाठीं नाहीं. धरून ठेवण्यासाठीं निराळें साधन असतें. त्यास ‘जॅक-स्टँड’ म्हणतात; आमच्या घरीं त्याचें नांव ‘घोडी’ असें पडलें आहे. ही पोलादी तिवई अगर चौपाई असून तिची उंची दातांच्या किंवा आडव्या खिळीच्या योगानें कमीजास्त करतां येते. तिच्यांत तेल नाहीं, रबर नाहीं. जॅक घ्यावयाचा तो दोन घोड्यांसहच. ज्याची घोड्यांची ऐपत नसेल त्यानें जॅकही घेऊं नये, असें मी स्पष्ट सांगतों. घोडीही डोळे मिटून घ्यावयाची नाहीं. अमेरिकेंतील एका मोठ्या विक्रेत्यास २०२० सालीं आपल्या तीन व सहा टनी घोड्या परत मागवाव्या लागल्या, कारण त्यांपैकीं कांहींचे दात एकमेकांत पुरते बसत नसत. दात पूर्ण बसले आहेत हें दर वेळीं पाहावें. ज्या घोडीस दातांखेरीज आडवी खिळीही आहे ती पसंत करावी. विटांची चळत किंवा पोकळ सिमेंटचे ठोकळे यांचा उपयोग कदापि करूं नये. ते भाराखालीं पूर्वसूचनेवांचून फुटतात.

आतां निवडीविषयीं. जॅकवर दोन टन, तीन टन असा आंकडा असतो. गाडीचें वजन तिच्याबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेंत पाहावें. आपण सबंध गाडी एकदम उचलीत नाहीं, तिचें एक टोंक उचलतों. तथापि इंजिन पुढें असल्यानें अर्ध्याहून अधिक भार बहुधा पुढच्या बाजूस असतो. लहान गाडीस दोन टनी जॅक पुरतो. पंधराशें किलोंहून जड अशा मोठ्या कुटुंबी गाडीस तीन टनी घ्यावा. दुसरें, जॅकची सर्वांत खालची उंची. गाडीखालच्या उचलण्याच्या जागेची जमिनीपासूनची उंची पट्टीनें मोजावी, आणि चाकांतील हवा गेल्यावर गाडी आणखी बसते हें ध्यानीं धरून जॅक तिच्याहून बराच बुटका घ्यावा. तिसरें, सर्वांत वरची उंची. गाडी उचलतांना प्रथम स्प्रिंगा सैल होतात व चाक कांहीं काळ जमिनीवरच राहतें. म्हणून कमी उंचीचा जॅक ऐन वेळीं अपुरा पडतो. चौथें, स्वतः जॅकचें वजन. तीन टनी पोलादी जॅक तीस किलोंच्या घरांत जाऊं शकतो; तो घरांतील कोणास ओढवेल याचा विचार आधींच करावा. गाडीच्या डिकींत जो स्क्रूचा लहान जॅक मिळतो तो रस्त्यांत स्टेपनी चढविण्यापुरता आहे. त्याच्या भरंवशावर कोणीं गाडीखालीं जाऊं नये.

वापराची रीतही क्रमवार पाळावी. जागा सपाट व कठीण हवी. ट्रॉली जॅकचा बाहू कमानीसारखा वर जातो, त्यामुळें जॅकला उचलतां उचलतां किंचित् पुढें सरकावें लागतें. त्याचीं चाकें त्यासाठींच आहेत. मातींत किंवा खडींत तीं रुततात, जॅक सरकत नाहीं, आणि मग त्याची बैठक गाडीखालून निसटते. अंगणांतील शहाबादी फरशी खालून पोकळ असल्यास भाराखालीं तडकते, आणि वैशाखाच्या उन्हांत डांबरी रस्त्यांतही घोडीचे पाय रुततात. तेथें जाड, रुंद फळी खालीं घालावी.

गाडींत कोणी बसलेलें नसावें. गाडी गिअरमध्यें ठेवून हातब्रेक ओढावा. परंतु तेवढ्यावर विसंबूं नये. हातब्रेक बहुधा मागच्या चाकांस लागतो. मागची बाजू उचलली कीं तो निरुपयोगी. पुढच्या चाकांनीं चालणाऱ्या गाडीचें एक पुढचें चाक उचललें, तर गिअरचा आधार जातो. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांस दोन्ही बाजूंनीं पाचरी लावाव्या. चाक काढावयाचें असल्यास नट जमिनीवरच थोडे सैल करावे. जॅक कोठें लावावयाचा, तें पुस्तिकेंतील चित्र पाहून ठरवावें. तेलाची टांकी, गिअरची पेटी किंवा पातळ पत्रा यांस लावल्यास नुकसान तर होतेंच, पण गाडी घसरण्याचेंही भय असतें. थोडें उचलून थांबावें, पाहावें, मग पुन्हा उचलावें. घोडी मजबूत जागीं ठेवून जॅकची किल्ली अगदीं हळू फिरवावी व गाडीचा भार घोडीवर येऊं द्यावा. नंतर बाहेर उभें राहूनच गाडीस हातानें धक्का देऊन पाहावा. हालली तर आतांच हालेल, कोणी खालीं नसतांना. काढलेलें चाक गाडीच्या कडेखालीं आडवें सरकवून ठेवावें. एवढें झाल्यावर मग गाडीखालीं जावें.

आमच्या चिरंजीवाच्या आईनें याच अटींवर संमति दिली, आणि शिवाय एक अट स्वतःची घातली: तो गाडीखालीं असेल तेव्हां घरांतील एक मोठें माणूस जवळ उभें असलेंच पाहिजे. या अटीचा कोणास जाच झाला नाहीं. एकदां तो पुढचे ब्रेक उघडून बसला असतां चहासाठीं आंत गेला. अर्ध्या तासानें येऊन पाहतो तों आधारापुरती टेकवून ठेवलेली जॅकची बैठक गाडीपासून दोन बोटें खालीं उतरलेली. गाडी घोड्यांवर जशीच्या तशी. रबरी कडें गेलें होतें. त्या दिवशीं त्यानें शास्त्राच्या पुस्तकांतून शिकावयाचें तें सर्व एका दृष्टिक्षेपांत शिकून घेतलें, आणि त्याच्या आईनें दोन्ही घोड्यांस हळदकुंकू लावलें, तें मीं हंसूं न देतां पाहिलें.

जॅकची निगाही सोपी आहे. काम झाल्यावर तो पूर्ण खालीं करून ठेवावा, म्हणजे दट्ट्या उघडा पडून गंजत नाहीं. तेल जॅकचेंच घालावें. ब्रेकचें तेल घातल्यास रबर खराब होतें. दांडा मऊ लागूं लागला तर आंत हवा शिरली असें समजून, किल्ली सैल करून दांडा कांहीं वेळ हालवावा. जॅक तेल गाळूं लागला, तर जाणकाराकडून नवीं कडीं घालून घेईपर्यंत तो वापरूं नये.

हें सर्व लिहिण्याचा माझा हेतु आपल्या घरच्या मुलांपुरता नाहीं. आपल्यांतील बहुतेक घरांची गाडी आजही बाहेरून येणारे कारागीरच दुरुस्त करतात, आणि त्यांतले कित्येक आपल्या नातवंडांच्या वयाचे असतात. ते घाईंत असतात, त्यांस पुढें दुसरें काम असतें, आणि ‘कांहीं होत नाहीं, काका’ हें वाक्य त्यांच्या ओठांवर तयार असतें. अशा वेळीं गृहस्थानें एक प्रश्न विचारावा: “घोड्या आणल्या आहेत का?” नसतील तर आपल्या द्याव्या, आपल्यापाशीं नसतील तर काम दुसऱ्या दिवसावर टाकावें आणि आजच्या खेपेचे पैसे द्यावे. आमच्या आळींत आतां त्या दोन घोड्या कोणाच्याही फाटकाशीं जातात. त्या मागावयास येणाऱ्यास आमच्या घरीं कारण विचारीत नाहींत. फक्त परत आणतांना चिखल पुसून आणाव्या, एवढेंच मातोश्री सांगतात.