गडाची वाट शनिवारी संध्याकाळीच सुरू होते

पुण्याच्या नैर्ऋत्येस सुमारे ३० किलोमीटर अंतरावर सिंहगड उभा आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची साधारण १,३०० मीटर. रविवारी पहाटे पायथ्याच्या आतकरवाडीत पोहोचले, की काळोखात विजेऱ्यांची एक ओळ हळूहळू वर सरकताना दिसते. त्यात महाविद्यालयीन मुले असतात, वर्षानुवर्षांचे नेमाचे वाटकरू असतात आणि सत्तरी ओलांडलेले ज्येष्ठही असतात. याच ओळीत अधूनमधून असाही एखादा चालत असतो, ज्याच्यासाठी ही चढण निव्वळ व्यायाम नसते. दारूपासून दूर राहण्याचा आणखी एक आठवडा त्याने पार पाडलेला असतो आणि पुढचा आठवडा त्याला उभा करायचा असतो.

व्यसनमुक्तीच्या कामाशी पुण्याचे नाते जुने आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसन हा आजार आहे, केवळ चारित्र्याचा दोष नव्हे, ही जाणीव अशा केंद्रांमुळे महाराष्ट्रातील अनेक घरांत पोहोचली. तरीही प्रश्न लहान नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात आणि त्यांपैकी ५ कोटींहून अधिक लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे. त्यांतील कित्येकांच्या घरी वृद्ध आईवडील आहेत. मुलगा केंद्रातून घरी परतल्यावर त्याच्याशी कसे वागावे, हा प्रश्न त्यांना रोज नव्याने पडतो.

येथे एक गोष्ट प्रथमच स्पष्ट केली पाहिजे. डोंगर हा उपचार नाही. तो उपचाराचा सोबती आहे. दीर्घकाळ भरपूर मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी थांबवल्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जिवावरही बेतू शकते. म्हणून ते दिवस वैद्यकीय देखरेखीखालीच काढावेत. त्यानंतरही यकृत, हृदय, रक्तदाब आणि पायांच्या नसा यांची तपासणी व्हावी. मद्यामुळे तळव्यांची संवेदना मंदावलेली असेल, तर खडकाळ वाटेवर पाऊल नीट पडत नाही. डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय गडाचा विचार करू नये.

होकार मिळाल्यावरही आरंभ सिंहगडाने करण्याचे कारण नाही. पुण्यात पर्वती आहे. तिच्या रुंद दगडी पायऱ्या १०३, आणि मध्ये टेकायला कठडे. पहिल्या आठवड्यात निम्म्या पायऱ्या चढून परत आले तरी चालेल. पुढे हनुमान टेकडी, मग वेताळ टेकडी, असा पल्ला वाढवत न्यावा. महिन्या-दोन महिन्यांनी, श्वास स्थिरावल्यावर, सिंहगडाची वाट धरावी.

आतकरवाडीहून वर जाताना सुमारे ६०० मीटरची चढण पार करावी लागते. सराव असलेल्यास तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो. नवख्याने दोन तास धरावेत. आरंभी वाट सौम्य आहे, मग ती अंगावर येते. पायांखाली मुरूम आणि खडक, मधूनमधून ताक व लिंबू सरबत घेऊन बसलेली गावकरी मंडळी. उजाडले, की मागे खडकवासल्याचे पाणी चमकू लागते. शेवटचा टप्पा चढून पुणे दरवाजाच्या एकामागून एक येणाऱ्या तीन दरवाजांतून आत शिरल्यावर वारा अंगाला लागतो. देवटाक्याचे थंड पाणी, झुणका-भाकरी, मडक्यातील दही, आणि आकाश स्वच्छ असेल तर समोर राजगड व तोरणा.

या सगळ्याचा व्यसनाशी संबंध काय? मेंदूतील सुखाची यंत्रणा व्यसनामुळे तात्काळ मिळणाऱ्या सुखाला सरावलेली असते. दारू सुटल्यावर कित्येक आठवडे साध्या गोष्टी बेचव वाटतात. जेवण, गप्पा, संगीत यांत मन रमत नाही. ‘दारू सोडली, तरी हा हसत का नाही?’ असे घरच्यांना वाटते, त्याचे एक कारण हे आहे. चढण मेंदूला निराळा धडा देते. येथे सुख आधी मिळत नाही, श्रमानंतर मिळते. पण ते खरे असते आणि दुसऱ्या दिवशी त्याची किंमत मोजावी लागत नाही. चालण्याने झोप सुधारते, उदासी उतरते. थोडा वेळ भरभर चालल्याने धूम्रपानाची तलफ तात्पुरती कमी होते, हे अभ्यासांतून दिसून आले आहे. तलफ लाटेसारखी असते. ती चढते, शिखर गाठते आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. चढणीवर दम लागलेला माणूस ‘त्या वळणापर्यंत जाऊ, मग पाहू’ असे म्हणायला शिकतो, आणि तेच वाक्य त्याला घरी, लाटेच्या वेळीही उपयोगी पडते.

परंतु माझ्या मते गडाचे सर्वांत मोठे काम गडावर होतच नाही. ते आदल्या संध्याकाळी होते. पिणाऱ्यासाठी शनिवारची संध्याकाळ ही आठवड्यातील सर्वांत निसरडी जागा. रविवारी साडेचारला उठायचे असेल, तर शनिवारी नऊला जेवण आटोपून दहाला अंथरुणावर पडावे लागते. पाठपिशवी भरायची असते, पाण्याच्या बाटल्या, विजेरी, सोबत्याला फोन. रिकामी संध्याकाळ कामाने भरून जाते. ‘पिऊ नकोस’ हा केवळ निषेध असतो. ‘पहाटे निघायचे आहे’ हा बेत असतो. निषेधापेक्षा बेत मनाला अधिक धरून ठेवतो.

आणि म्हणूनच ज्यांना गड चढता येत नाही, त्या ज्येष्ठांचाही या चढणीत वाटा आहे. आईने डब्यात दशमी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यावी, वडिलांनी गजर लावावा. व्यसनमुक्तीच्या गटांत चार गोष्टींपासून सावध राहायला सांगतात: भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. यांतील भूक आणि थकवा डोंगर स्वतःच आणतो. म्हणून सोबत राजगिऱ्याचे लाडू वा चिक्की हवी, दोन लिटर पाणी हवे, आणि परतल्यावर जेवण व विश्रांती यांची सोय हवी. दमून, उपाशी परतणारा माणूस वाटेतील ढाब्यापाशी एकटा असू नये. ज्या टोळक्याची सहल मद्याने संपते, त्यांच्याबरोबर तर त्याने निघूच नये.

सोबत कशी असावी, हे प्रस्तरारोहणातून समजते. वर चढणाऱ्याच्या दोराचे दुसरे टोक खाली उभ्या असलेल्या जोडीदाराच्या हाती असते. त्याने दोर फार ताणला तर चढणाऱ्याला हालता येत नाही; फार सैल सोडला तर पडणाऱ्याला वेळेत आवरता येत नाही. आणि काहीही झाले तरी वर चढायचे असते ते त्यालाच. खिसे तपासणे, तोंडाचा वास घेणे हा ताणलेला दोर. ‘आता बरा झाला’ म्हणून निश्चिंत होणे हा सैल दोर.

माझ्या परिचयातील एका निवृत्त गृहस्थांचा मुलगा उपचारानंतर सहा महिने नेमाने सिंहगडावर जात होता. मग एका लग्नघरी तो प्यायला. पुढच्या शनिवारी पाठपिशवी भरून ठेवावी की नाही, या प्रश्नाने वडिलांना झोप लागेना. भरली तर चुकीवर पांघरूण घातल्यासारखे होईल, न भरली तर दार लावल्यासारखे होईल. त्यांनी आधी मुलाला घेऊन समुपदेशकाकडे जायचे ठरवले. तेथून परतल्यावर पिशवी मुलासमोर ठेवली आणि म्हणाले, “भरायची तर तू भर. मी गजर लावतो.” त्या रविवारी मुलगा गेला नाही. त्यानंतरच्या रविवारी गेला. पुन्हा घसरण होणे हा या आजाराचा भाग असू शकतो. त्याने आधीच्या सहा महिन्यांचे चालणे पुसले जात नाही. मात्र अशा वेळी उपचारांकडे परतणे आधी आणि गड नंतर, हा क्रम चुकवू नये.

ज्येष्ठांना गडावर जावेसे वाटले, तर घाटरस्त्याने वाहन वर जाते. मुलाने पायवाटेने यावे, आपण गाडीने, आणि भेट पुणे दरवाजापाशी ठरवावी. उतरताना गुडघ्यांवर ताण येतो, म्हणून पायी उतरणार असाल तर काठी हवीच. पावसाळ्यात वाट निसरडी होते, धुके दाटते, दरडींचेही भय असते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

घरात असा आजार असेल, तर १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदत क्रमांक आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याचा ‘टेली-मानस’ क्रमांक, दोन्ही विनाशुल्क आहेत. काळजी वाहणाऱ्यांनी स्वतःसाठीही ते वापरावेत. आधार कुटुंबालाही लागतो. तो मिळाला, की शनिवारच्या संध्याकाळी कान दाराकडे लावून बसण्याऐवजी डबा भरण्यात लक्ष घालता येते.