नकाशाचे कापड

जुना नकाशा म्हणजे रद्दी, असा सर्वसाधारण समज आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी आपल्या वैमानिकांसाठी रेशमावर नकाशे छापले. विमान शत्रूच्या प्रदेशात कोसळले तर वाट सापडावी, हा हेतू. कागद भिजतो, घडीवर फाटतो, उलगडताना सळसळून पकडूनही देतो. रेशीम यांपैकी काहीच करीत नाही. शाई पसरू नये म्हणून तीत पेक्टिन मिसळीत, म्हणजे मुरंबा घट्ट करणारा फळांतील पदार्थच! युद्ध संपले तरी ब्रिटनमध्ये कपड्यांचे रेशनिंग १९४९ पर्यंत चालले, तेव्हा शिल्लक नकाशांचे बायकांनी पोशाख शिवले.

आपल्याकडे रेशीम नव्हे, ट्रेसिंग क्लॉथ होते. तलम कापडाला खळ चढवून ते अर्धपारदर्शक करीत आणि त्यावर घरांचे, जमिनींचे नकाशे काढीत. बँकेत गहाणखतांच्या फायलींत असे निळसर नकाशे मी शेकडो वेळा उलगडले आहेत. खळीमुळे पाण्याचा एक थेंबही त्यावर डाग पाडी, म्हणून उन्हाळ्यात आम्ही हात पुसूनच फाईल घेत असू. मात्र तेच कापड उकळले की खळ सुटे आणि हाती मऊ मलमल येई. आमच्या शाखेतील एक शिपाई बाद नकाशे मागून नेत. त्यांच्या मुलांची झबली त्यातूनच झाली. हिशेबी माणसाला हे कौतुकाचेच वाटावे.

आमच्या धाकट्या सूनबाईंनी ही हकिकत ऐकली आणि येणाऱ्या बाळासाठी ट्रंकेतील आजोबांच्या वाटणीचा नकाशा मागितला. मी दिला नाही. त्यात दोन घरांमधील बोळ आखलेला आहे, त्यावर ‘सामाईक’ असे लिहून आजोबा आणि त्यांचे धाकटे बंधू या दोघांच्या सह्या आहेत. त्या बोळाला फाटक लावण्यावरून आमच्या व चुलतभाऊ अण्णांच्या घरचे बोलणे दोन वर्षांपासून बंद होते. वकिलाकडे जाण्याऐवजी मी तो नकाशा घेऊन थेट अण्णांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, बोळाकडे पाहिलेच नाही. वडिलांच्या सहीवर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिले. मग वहिनींना चहा टाकायला सांगितला.

फाटकाचे दिवाळीनंतर पाहू, असे ठरले आहे. झबल्यांसाठी मी नवी मलमल आणून दिली.