मांडीवर घेणे

दत्तक घेण्याला आपल्या भाषेत ‘मांडीवर घेणे’ असा जुना शब्दप्रयोग आहे. मांडीवर मावेल एवढेच मूल त्यात गृहीत धरलेले असते. १९९८ मध्ये आमच्या घरी मुलगी आली, तेव्हा ती सात वर्षांची होती.

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानुसार तिला दत्तक घेणारे माझे यजमान होते. विवाहित स्त्रीला त्या काळी केवळ संमती देता येई. (ही तरतूद २०१० मध्ये बदलली.) याच कायद्यान्वये दत्तकाच्या दिवसापासून मुलाचे जन्मकुळाशी असलेले संबंध तुटले आणि नव्या कुळाशी जुळले, असे मानले जाते. तुटणे आणि जुळणे, दोन्ही एकाच दिवशी! इतके निःशंक विधान मी ललित वाङ्मयातही क्वचितच वाचले असेल.

पहिले तीन महिने ती सर्वांची लाडकी होती. आल्यागेल्या कोणाचाही हात धरी. दूधवाल्यालासुद्धा तितक्याच गोडव्याने विचारी, “काका, मी येऊ तुमच्या घरी?” शेजारणी म्हणत, किती लवकर रुळली! मलाही तसेच वाटे. मग एकदा गादी उन्हात घालताना खोळीतून पोळीचे वाळलेले तुकडे निघाले. गुडघा फुटला तरी ती रडत नसे; नळाखाली जाऊन स्वतःच जखम धुई. कुशीत घेतले की तिचे अंग लाकडासारखे ताठ होई. पुढे खोटे बोलणे आणि वस्तू फोडणे सुरू झाले, आणि त्या सर्वाचा रोख माझ्यावरच असे. तिची आई होऊ पाहणारी मीच होते.

जॉन बोल्बी यांच्या ग्रंथाचा १९६९ मध्ये निघालेला पहिला खंड मी पुष्कळ उशिरा वाचला. आरंभीच्या वर्षांत भेटलेल्या माणसांवरून मूल पुढच्या माणसांविषयीचा अंदाज बांधते, हे त्यात कळले. ज्याची माणसे पुनःपुन्हा नाहीशी झाली, त्याला नवे माणूसही जाणारच असे वाटते. मग जवळीक हाच धोका ठरतो. परक्यांवर उधळलेल्या ज्या मायेचे आम्ही कौतुक केले, तिचा अर्थ एवढाच होता की, आम्ही अजून तिला परक्यांहून वेगळे झालो नव्हतो. ग्रंथांचे अर्थ लावण्यावर जिने उपजीविका केली, तिला हा अर्थ लागला नाही.

एका संध्याकाळी तिने माझ्या व्याख्यानाची हस्तलिखित पाने फाडली. मी म्हणाले, “असंच वागायचं असेल तर परत पोचवून येऊ का तुला?”

ती आत गेली आणि येताना आणलेली कापडी पिशवी घेऊन आली. पिशवीत तिचे जुने दोन फ्रॉक होते. आम्ही घेतलेला एकही नव्हता. पायरीवर बसून चपला घालत तिने विचारले, “रिक्षानं जायचं की बसनं?” तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आपला अंदाज अखेर खरा ठरल्याची एक प्रकारची सुटका होती.

ऐतरेय ब्राह्मणातील शुनःशेपाची कथा मी कित्येक वर्षे शिकवली. बाप शंभर गाईंना त्याला विकतो, आणखी शंभर घेऊन यूपाला बांधतो, आणखी शंभरांसाठी शस्त्र परजतो. देव त्याला सोडवतात आणि तो विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसतो. त्यानंतर तो विचारतो, तुमच्या घरी माझे स्थान काय? तुमचे पुत्र मला मानतील का? वर्गात मी त्याला हिशेबी म्हटले होते! विश्वामित्र मात्र त्या प्रश्नाने दुखावला जात नाही. तो आपल्या पुत्रांना बोलावून त्याच्यासमक्षच विचारतो. देवरात झालेल्या त्या मुलाचे पहिले वर्ष कसे गेले, हे ब्राह्मणकाराने सांगितलेले नाही.

त्या रात्री आम्ही तिघे पायरीवरच जेवलो. पिशवी तिने सोडली नाही आणि मीही मागितली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिच्या उशाशी पोळी-गुळाचा डबा भरून ठेवू लागले. हे चार वर्षे चालले. नंतर केव्हातरी तीच तो डबा घासून फळीवर पालथा ठेवू लागली. ताप आला की हाक मारू लागली, तीही पहिल्यांदा इतकी हळू की, मी ऐकली हेच नवल.

ते वाक्य मात्र मला मागे घेता आलेले नाही. लग्न होऊन ती गेली, तेव्हा सामानात ती पिशवीही होती. आत काय होते, मी विचारले नाही.