चालतंय म्हणण्याआधी

वस्तीतल्या आमच्या अभ्यासिकेला वापरून झालेले चार संगणक कुणीतरी 'दान' दिले. देणारे फोटो काढून गेले, संगणक उरले. त्यातल्याच एकावर बी.ए.च्या एका मुलीने शिष्यवृत्तीचे कागद स्कॅन करून ठेवले होते. मूळ कागद कॉलेजात जमा. अर्जाला दोन दिवस राहिले आणि विंडोज सुरूच होईना. दुरुस्तीवाला म्हणाला, "फॉरमॅट मारावं लागेल." म्हणजे कागद गेले.

मी एम.ए. समाजशास्त्रात केलं, संगणकात नाही. पण लाइव्ह यूएसबीबद्दल वाचलं होतं. अख्खी लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवरून चालते, आपण सांगितल्याशिवाय हार्डडिस्कवर काही लिहीत नाही. रात्री लिनक्स मिंटची आयएसओ फाईल उतरवली, रुफसने पेनड्राइव्हवर लिहिली. माझ्या लॅपटॉपवर झटक्यात सुरू झाली. लगेच तिला फोन केला, "काम झालं."

सकाळी सगळ्या पोरांसमोर पेनड्राइव्ह लावला. पडदा काळाच! चूक माझी होती. रुफसमध्ये मी जीपीटी निवडलं होतं, ते यूईएफआय असलेल्या नव्या यंत्रांसाठी. अभ्यासिकेतलं यंत्र जुन्या बायोसचं. एमबीआर निवडून पुन्हा लिहिलं, सुरू होताना एफ१२ दाबून यूएसबी निवडली आणि मिंट उघडलं. जुन्या डिस्कमधले कागद मिळाले. मोबाइलचं इंटरनेट केबलने जोडून तिने तिथेच अर्ज भरला.

मित्रांनो, माझा पेनड्राइव्ह चालत होता, पण माझ्या यंत्रावर. आपल्या कामातही हेच होतं ना? आपल्या टेबलावर जमलं की आपण वस्तीत जाऊन 'झालं' म्हणतो. चाचणी ज्याच्यासाठी करतोय, त्याच्याच यंत्रावर व्हायला हवी.

आता आमचे नियम ठरलेत. लिहिण्याआधी फाईलचा एसएचए२५६ आकडा मूळ संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडायचा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून तो आधी रिकामा करायचा. लाइव्हमध्येच वायफाय, आवाज, कीबोर्ड, मराठी टायपिंग तपासायचं, इन्स्टॉल नंतर. आणि खोटी आशा द्यायची नाही: डिस्कच मेली असेल किंवा एन्क्रिप्ट असून किल्ली नसेल, तर लाइव्ह यूएसबीही कागद काढून देत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ न झेपणारी यंत्रं आता अशीच 'दान' म्हणून येतील. ती जरूर घ्या, पण उपकार म्हणून नको. तपासून घ्या, आणि तपासणं पोरांनाच शिकवा. म्हणजे दुरुस्तीवाल्याच्या एका वाक्यावर कुणाचं वर्ष अडणार नाही.

आमच्याकडे आता तीच मुलगी पेनड्राइव्ह बनवते. परवा मी म्हणालो, "झाला का तयार?"

ती म्हणाली, "थांबा दादा, आधी कोपऱ्यातल्या सगळ्यात जुन्यावर लावून बघू."