जिन्यातला दिवा

आई रात्री जिना चढायची ती भिंत चाचपत. बटण खाली, झोपायची खोली माडीवर. दिवा लावून वर गेलं तर तो रात्रभर जळणार, म्हणून ती खालीच तो बंद करायची आणि चौदा पायऱ्या अंधारात चढायची. तिचा गुडघा दुखायला लागला तेव्हा कुठे माझं तिकडे लक्ष गेलं.

एकच दिवा खालून आणि वरून, दोन्हीकडून लावता-विझवता यावा यासाठी दुकानात ‘टू-वे’ बटण मागायचं. अमेरिकेत त्यालाच थ्री-वे म्हणतात, कारण त्याच्या पाठीला तीन स्क्रू असतात; त्यांतला एक ‘कॉमन’.

परवानाधारक वायरमनकाकांनी पाइपातून दीड एमएमच्या वायरी ओढल्या. खालच्या बटणाच्या कॉमनला फेज, वरच्या बटणाच्या कॉमनवरून दिव्याकडे जाणारी वायर. दोन्हीकडचे उरलेले दोन-दोन स्क्रू दोन जोडवायरींनी एकमेकांना जोडायचे. न्यूट्रल थेट होल्डरला. दोन्ही बटणं एकाच वायरीवर आली की दिवा लागतो, एक जरी दुसरीवर गेलं की विझतो. इतकं साधं आणि इतकं देखणं काम मी फार थोडं पाहिलंय.

वरचं बटण काकांनी मला बसवू दिलं. एमसीबी खाली पाडून, टेस्टर लावून, मगच हात घातला. वीज आली, दिवा लागला; पण वरचं बटण एका बाजूला केलं की खालचं नुसतं टकटक वाजायचं. काकांनी प्लेट काढली. कॉमनच्या जागी मी जोडवायर अडकवली होती, आणि दिव्याची वायर कडेच्या स्क्रूला.

“आधी कॉमन शोधायचा, मग पक्कड उचलायची,” ते म्हणाले.

वायर वाचवायला काही जण दोन्ही बटणांत फेज आणि न्यूट्रल दोन्ही आणतात. दिवा तरीही लागतो. पण त्या जोडणीत विझलेल्या दिव्याच्या होल्डरमध्येही २३० व्होल्ट राहू शकतात, आणि बल्ब बदलायला कुणीतरी स्टुलावर चढतं. चार-पाच मीटर वायरीसाठी असं करणं मला अक्षम्य वाटतं.

त्या रात्री आईने खाली दिवा लावला, वर जाऊन विझवला, पुन्हा लावला. मग वरूनच विचारलं, “अरे, मधल्या वळणावर बसतं का असं एखादं?”

बसतं. तिथे चार स्क्रूंचं इंटरमीडिएट बटण लागतं आणि त्या दोन जोडवायरी त्यातून न्याव्या लागतात. काकांना रविवारी बोलावलंय.