जागा धरून बसलेलं औषध

काही स्नायू आपलं ऐकत नाहीत. हात उचलावासा वाटला की उचलला जातो. पण आतड्याला थांब म्हणता येत नाही, श्वासनलिकेला सैल हो म्हणता येत नाही. या अनैच्छिक स्नायूंना आपले शब्द कळत नाहीत, रेणू कळतात. ज्यांच्या जिवावर आपण जगतो ते आपल्या हुकमाबाहेर, आतल्या अंधारात राबत असतात, याचा मला अजूनही अचंबा वाटतो.

औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी त्यांना राबताना पाहिलं. गिनीपिगच्या लहान आतड्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा टायरोड द्रावणात टांगलेला, खालून हवेचे बुडबुडे, दोऱ्यानं जोडलेली तरफ आणि काजळी धरलेल्या कागदाचा फिरता ड्रम. असेटिलकोलीन, म्हणजे मज्जातंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत नेणारं द्रव्य, पडलं की तुकडा आकसायचा आणि काजळीवर पांढरी रेघ चढायची. शरीरापासून तुटूनही ३७ अंशांच्या उबेत तो तासन् तास जिवंत राही. मग ॲट्रोपिन हे औषध घालायचं. त्यानंतर असेटिलकोलीनची तीच मात्रा दिली, तरी रेघ जागची हलत नसे.

ॲट्रोपिननं असेटिलकोलीन नष्ट केलेलं नसतं, स्नायूला सैल होण्याचा आदेशही दिलेला नसतो. असेटिलकोलीन ज्या रिसेप्टरवर बसायचं, तिथं ते आधी जाऊन बसतं. एसटीच्या सीटवर रुमाल टाकून जागा धरावी तसं. पण हा हक्क कायमचा नाही. असेटिलकोलीन वाढवत नेलं की रेघ पुन्हा चढू लागते. केंब्रिजच्या जॉन लँग्ली यांना याची चाहूल १८७८ मध्येच लागली होती. मांजराची लाळ पायलोकार्पिननं सुटते आणि ॲट्रोपिननं आटते, हे पाहून त्यांनी तर्क केला की दोन्ही द्रव्यं पेशीतल्या एकाच पदार्थाशी जोडली जात असावीत, आणि कोणाची सरशी होणार हे प्रमाण आणि ओढ यांवर ठरत असावं. रिसेप्टर तेव्हा कोणी पाहिलेला नव्हता.

विरोधाची आणखी एक रीत आहे. हिस्टामिन श्वासनलिका आवळतं, ॲड्रेनलिन ती मोकळी करतं. पण दोघांचे रिसेप्टर वेगवेगळे. एक पेशीतलं कॅल्शियम वाढवून स्नायू आकसवतं, दुसरं पेशीतल्याच सायक्लिक एएमपी या रेणूच्या वाटेनं तो सैल करतं. दम्याच्या इनहेलरमधलं साल्ब्युटामॉल ॲड्रेनलिनच्याच वाटेनं जातं. आवळणाऱ्या द्रव्याला ते हातही लावत नाही, तरी छाती मोकळी होते. या दोन ओढींमध्ये मला वैर दिसत नाही. त्या दोन्ही आहेत म्हणूनच नळी मिटतही नाही आणि ढिली पडतही नाही.

तोल ढळला की काय होतं, ते कापसाच्या शेतांत दिसलं. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक जण दगावले. तेव्हा कपाशीवर मारल्या जाणाऱ्या कीटकनाशकांत मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट द्रव्यंही होती. असेटिलकोलीन मोडून काढणारं एन्झाइमच अशी द्रव्यं बंद पाडतात. मग असेटिलकोलीन साचत जातं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, पोटात कळा येतात, श्वासनलिका आवळते आणि स्रावानं भरते. तिथं डॉक्टर ॲट्रोपिन देतात, काही मिनिटांच्या अंतरानं मात्रा दुप्पट करत, छातीतले स्राव आटेपर्यंत. साचलेल्या असेटिलकोलीनला हटवून प्रत्येक जागा मिळवायची, म्हणून एवढी मात्रा. छातीच्या स्नायूंतलं गेलेलं बळ मात्र ॲट्रोपिन परत आणू शकत नाही, कारण तिथले रिसेप्टर वेगळे. तेव्हा व्हेंटिलेटरच लागतो. प्रयोगशाळेतली ती न हललेली रेघ मला इथं खऱ्या अर्थानं कळली.

ॲट्रोपिन धोतऱ्यातही असतं, पण कोणत्या बीमध्ये किती, याचा नेम नसतो. म्हणून विषबाधेवर धोतऱ्याचा उपाय घरी कधीही करू नये. फवारणी करणाऱ्याला घाम फुटला, तोंडाला पाणी सुटलं, दृष्टी अंधुक झाली, धाप लागली, तर त्याचे कपडे उतरवा, अंग साबणानं धुवा, कीटकनाशकाचा डबा सोबत घ्या आणि वेळ न दवडता दवाखाना गाठा. धुणाऱ्यानं हातमोजे घालावेत.