आर्नोकाठचे कोल्हापूर

युरोपला जायचे ठरले की घरात पाहुण्याआधी त्याची चिठ्ठी यावी तशी पहिल्यांदा येते ती रंगीत पुस्तिका. आमच्याकडेही आली. दहा दिवस, सात देश, रोज सकाळी साडेसातला बस, दुपारी पनीर, रात्री पुन्हा पनीर. ती चाळताना मला परीक्षेच्या आदल्या रात्रीचे आमचे विद्यार्थी आठवले. सगळे धडे उघडायचे, एकही वाचायचा नाही! यजमान हिशेबाचे पक्के. त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन दाखवून दिले की दहांपैकी चारेक दिवस बसच्या खिडकीशी जाणार. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "बसमध्येच बसायचं तर पुणे-कोल्हापूर काय वाईट आहे?" आणि पुस्तिका रद्दीत गेली.

आमचे जाणे तसे निव्वळ हौसेचे नव्हते. मुक्ताला, म्हणजे आमच्या लेकीला, म्युनिकच्या विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता. तिला एकवीस पूर्ण झाली होती. घरात सगळे खूश; सासूबाई मात्र गप्प. त्यांचे गप्प बसणे हा आमच्या घरातला सर्वांत मोठा आवाज. अखेर एकदा बोलल्या, "आधी गाव बघू. मग काय ते सांगते." बाहत्तराव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनिशी, नातीचे गाव बघायला त्या विमानात चढायला तयार झाल्या होत्या. मग एवढे जातोच आहोत तर वाटेत इटली बघू, असे ठरले. रोममध्ये तीन रात्री, फ्लॉरेन्सला चार, म्युनिकला तीन. दोन देश, तीन शहरे, बस. व्हिसाचेही त्यामुळे सोपे झाले. शेंगेनचा एकच परवाना एकोणतीस देशांत चालतो, पण अर्ज करायचा तो जिथे जास्त रात्री काढणार त्या देशाकडे, म्हणून आम्ही इटलीकडे केला.

रोमबद्दल लिहायला इथे जागा नाही आणि खरे सांगायचे तर आम्ही ते धड पाहिलेही नाही. २०२५ हे तिथले पंचवीस वर्षांनी येणारे जयंतीवर्ष. मे महिन्यात सगळ्या जगातले भाविक लोटलेले. आषाढीला पंढरपुरात दर्शनबारी बघावी तशी रांग. सासूबाईंनी लांबूनच नमस्कार केला. तिथली एक गोष्ट मात्र प्रत्येक गृहिणीने ध्यानात ठेवावी. रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ अष्टौप्रहर वाहत असतात आणि पाणी पिण्याचे असते. चार माणसांच्या बाटल्यांचे पैसे वाचतात. आणि चर्चमध्ये जाताना खांदे-गुडघे उघडे चालत नाहीत म्हणून परदेशी बायका दारात उपरणी गुंडाळत असताना नऊवारीत वाढलेल्या माझ्या सासूबाई सहावारीचा पदर सावरत ताठ मानेने आत शिरल्या, ते दृश्य मी विसरणार नाही.

फ्लॉरेन्स हा मात्र सासूबाईंचा हट्ट. त्यांचे माहेर-सासर दोन्ही कोल्हापूरचे. लहानपणी वडिलांच्या तोंडून त्यांनी ऐकले होते की आपले एक महाराज विलायतेहून परतताना वाटेत वारले आणि तिथेच एका नदीकाठी त्यांना अग्नी दिला. त्या गावाचे नाव त्यांना शाळेतल्या कवितेसारखे पाठ होते. रोमहून जलद गाडीने दीड तासात तिथे पोचलो. दगडी फरसबंदीवरून सामानाच्या चाकांचा जो खडखडाट झाला, त्याने अर्धे शहर जागे झाले असावे.

पहिले दोन दिवस सगळे पाहतात तेच पाहिले. उफिझीचे चित्रसंग्रहालय सोमवारी बंद असते हे यजमानांनी आधीच टिपून ठेवले होते, तेव्हा रविवारी ते उरकले. 'उरकले' हा शब्द माझा नव्हे, मुक्ताचा. मी एका दालनात पाऊण तास बसून राहिले. सोमवारी बापलेक घुमट चढले. ४६३ पायऱ्या! ब्रुनेलेस्कीने तो विटांचा अष्टकोनी घुमट खालून लाकडी आधार न देता वर वर नेला आणि १४३६ मध्ये पुरा केला, हे मी सासूबाईंना सावलीत बसल्या बसल्या सांगितले. त्यांनी मान वर करून बराच वेळ पाहिले आणि विचारले, "विजापूरचा आधी की हा आधी?" मी म्हटले, हा, गोलघुमट त्यानंतर दोनशे वीस वर्षांनी. "असू दे," त्या म्हणाल्या, "पण आपल्यात कुजबुजलं तरी पलीकडे ऐकू येतं."

जेवणाची काळजी निघताना सगळ्यांनाच होती. ती फुकट गेली. तिथे रिबोल्लिता नावाचा एक पदार्थ मिळतो. शिळा पाव, पांढऱ्या शेंगांचे दाणे, कोबीच्या जातीचा काळसर पाला, सगळे आदल्या दिवशी शिजवून दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळायचे. नावाचा अर्थच 'पुन्हा उकळलेले'. आपल्याकडे शिळ्या भाकरीचा कुस्करा करतात तोच हा विचार. गरिबाच्या चुलीला सगळीकडे एकच अक्कल सुचते. तिथला पाव बिनमिठाचा असतो. परक्याला तो अगदी बेचव लागतो, पण सासूबाईंच्या पिशवीतली कोल्हापुरी कांदा-लसूण चटणी त्यावर पसरल्यावर त्याचे बिनमिठाचे असणे हे दैवयोगाचे वाटू लागले. कॉफी मात्र उभ्याने प्यावी. खुर्चीत बसलात की तिचे पैसे वाढतात.

सांता क्रोचेच्या बाजूला फिरताना एका भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही खूप वर, एक पाटी दिसली. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नोचे पाणी इथवर आले होते, अशी. त्या पुरात राष्ट्रीय ग्रंथालयातली लक्षावधी पुस्तके चिखलात बुडाली आणि देशोदेशीची तरुण मुले येऊन हातोहात ती बाहेर काढीत राहिली. गावकऱ्यांनी त्या मुलांना 'चिखलातले देवदूत' म्हटले. मी हे पुस्तकांच्या ओढीने सांगत होते. सासूबाईंचे लक्ष पाटीच्या रेघेकडे होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा त्यांच्या माजघरात शिरली होती, त्याची पुसट रेघ अजून भिंतीवर आहे. रंग द्यायला आलेल्या माणसाला त्यांनी ती पुसू दिली नाही. "ह्यांनी पाटी लावली," त्या म्हणाल्या. "शहाणे लोक."

मंगळवारी सकाळी महाराजांकडे निघालो.

आर्नोच्या उजव्या काठाने कास्चिने नावाचे एक लांबलचक उद्यान आहे. एकेकाळी ही मेदिची घराण्याची शिकारीची आणि गाईगुरांची जागा. शेलीला त्याची पश्चिम वाऱ्यावरची प्रख्यात कविता सुचली ती आर्नोकाठच्या ह्याच झाडीत, १८१९ साली. ट्रामने पूर्वेच्या टोकाला उतरायचे आणि पश्चिमेच्या टोकापर्यंत चालायचे. अंतर तीन किलोमीटरांहून थोडे अधिक. मंगळवारी उद्यानाच्या कडेने आठवड्याचा बाजार भरतो. चपला, चादरी, चीज, भाजी. सासूबाईंनी प्रत्येक ढिगाजवळ थांबून भाव विचारला, अर्थात मराठीत. त्यांना उत्तरे इटालियनमध्ये मिळाली आणि दोन्ही पक्षांचे समाधान झालेले दिसले. पुढे बाजार संपला. झाडे दाट झाली. दर बाकावर बसत, चपला काढत, गुडघे चोळत त्या चालत राहिल्या. यजमान दोनदा म्हणाले, "आई, परत फिरू या का?" तिसऱ्यांदा म्हणायची त्यांची छाती झाली नाही.

वाटेत मुक्ताला गोष्ट हवी होती म्हणून मी सांगितली. राजाराम महाराजांचा जन्म १८५० चा. दत्तक येऊन १८६६ मध्ये गादीवर बसले. १८७० मध्ये ते इंग्लंडला गेले. समुद्र ओलांडणे हा त्या काळी घरात रडारड होण्याचा विषय. तिकडे जे जे पाहिले ते ते ह्या मुलाने इंग्रजीत रोजनिशी ठेवून लिहिले. ती रोजनिशी १८७२ मध्ये लंडनला छापून निघाली. परतीच्या वाटेवर प्रकृती बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचा अंत झाला. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. प्रेत जाळायचे ही कल्पनाच तिथल्या लोकांना अघोरी वाटणारी. पण सरकारने खास परवानगी दिली. बरोबरच्या मंडळींनी जागा मागितली ती दोन पाण्यांच्या संगमाची. मुग्नोने नावाची लहानशी नदी जिथे आर्नोला मिळते, तिथे रात्री चिता पेटली.

"म्हणजे ते वीस वर्षांचे होते," मुक्ता म्हणाली. पुढे ती काही बोलली नाही, आणि मीही.

झाडी सरते आणि एकदम छत्री दिसते. आपली, खांबांवर तोललेली, घुमटीची. चार्ल्स मँट ह्या वास्तुकाराची ती कल्पना. पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्याने उभारला तोच हा. १८७४ मध्ये ती बांधून झाली. छत्रीखाली अर्धपुतळा आहे, फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला. डोक्याला पागोटे, चेहरा अगदी कोवळा. दाढी-मिशी फुटून फार दिवस झालेले नाहीत असा. चौथऱ्यावर चार भाषांतले लेख आहेत. मुक्ताने इंग्रजी लेख हळू आवाजात वाचला. पलीकडे तारांनी तोललेला मोठा पूल आहे, १९७८ पासूनचा, आणि त्याचे नाव 'इंडियानो'. मोटारी धडधडत जातात. त्यातल्या किती जणांना तो इंडियानो कोण हे ठाऊक असेल!

मला वाटले होते सासूबाई डोळ्यांना पदर लावतील. तसे काही झाले नाही. त्यांनी छत्रीला नीट उजवी घालून एक प्रदक्षिणा केली. मग आम्हाला घेऊन पाण्यापर्यंत गेल्या. संगम म्हणजे काही प्रयाग-चिखली नव्हे. एक ओढ्यासारखी नदी मुकाट्याने मोठीत शिरते, इतकेच. बराच वेळ त्या तिकडे पाहत राहिल्या.

"बरोबर कोण होतं त्याच्या?" त्यांनी विचारले. महाराजांना त्या एकेरीवर आल्या होत्या, घरातल्या पोरासारखे.

"आपली माणसं होती की, आई. कोल्हापुराहून नेलेली."

"मग ठीक." थोड्या वेळाने त्या मुक्ताकडे वळल्या. "आणि तुझ्याबरोबर?"

हा प्रश्न गेले चार महिने घरात ह्या ना त्या वेषात हिंडत होता. सरळ असा आज पहिल्यांदाच आला. आजकाल फोन आहे, रोज चेहरा दिसतो, वगैरे वगैरे मुक्ता सांगू शकली असती. आम्हाला तिने ते शंभरदा सांगितले होते. पण तिने तसे केले नाही. ती म्हणाली, "पहिले काही दिवस कुणी नाही, आजी. मग होईल कुणीतरी."

सासूबाईंनी नुसते "हं" म्हटले. परतीच्या वाटेवर त्या तिच्या खांद्याचा आधार घेऊन चालल्या. एरवी आधार म्हटला की त्या हात झटकतात.

बुधवारी सामान बांधून उत्तरेकडे निघालो. फ्लॉरेन्स ते बोलोन्या हा जलद गाडीचा मार्ग २००९ पासूनचा. अठ्ठ्याहत्तर किलोमीटरांपैकी सत्तरच्या वर बोगद्यातच. कर्जत-लोणावळ्याच्या घाटात बोगदे मोजायची सवय असलेल्या सासूबाई खिडकीशी सरसावून बसल्या आणि पाच मिनिटांत कंटाळल्या. "हा तर एकच चाललाय," म्हणाल्या. बोलोन्याला गाडी बदलली. मग व्हेरोना आणि पुढे आल्प्सचा चढ. ब्रेनरची खिंड जवळजवळ चौदाशे मीटरांवर आहे आणि तिच्यातून रेल्वे १८६७ पासून धावते. डोंगरमाथ्यावर बर्फ होते, खाली हिरव्या उतारांवर गाई. यजमान झोपले होते. मी पाठमोरी बसले होते, त्यामुळे आजी-नातीचे बोलणे मला नुसते ऐकू येत होते.

"तुझ्या त्या खोलीत गॅस आहे का?"

"नाही आजी. विजेची शेगडी असते, सपाट."

"जाळ नाही?"

"नाही."

सासूबाई बराच वेळ विचार करीत होत्या.

"मग भाकरी फुगवणार कशी?"